मॉनिटरवरचं कुंकू

सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी त्यांच्या ग्राहकांचे अनुभव चित्रित करणं हे माझं काम. मागे एकदा कोल्हापूरजवळ सुशीलाताईंच्या लेथच्या कारखान्यात गेलो होतो. सॉफ्टवेअर कंपनीने लिहून दिलेली वाक्यं ताई शाळेतल्या कवितेसारखी म्हणत होत्या. माझं लक्ष मात्र त्यांच्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरच्या कोपऱ्यातल्या लालसर ठिपक्याकडे होतं.

"तेवढा डाग पुसून घेऊ," कंपनीचा माणूस म्हणाला.

"डाग न्हाई त्यो," ताई पाठांतर सोडून म्हणाल्या. "खंडेनवमीला लेथची पूजा केली, तवा ह्यालाबी कुंकू लावलं. वर्षभर इमानानं राबतोय, मग ह्यालाच का वगळायचं?"

कॅमेरा चालूच होता.

'विश्वास' हा शब्द मी आजवर कितीजणांच्या तोंडून टिपला असेल. पण खरा विश्वास माणूस बोलत नाही, कुंकवाचं बोट टेकवून मोकळा होतो. व्हिडिओची सुरुवात मी त्या ठिपक्यानेच केली आणि कुणाला ती बदलू दिली नाही.

निघताना ताईंनी माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "ह्याला कधी लावलंच न्हाई वाटतं," म्हणत त्यांनी करंडा आणून बोट टेकवलं.

तो ठिपका अजून आहे. नवीन ठिकाणी कुणीतरी रुमाल पुढे करतंच. मी ताठ मानेनं सांगतो, "डाग न्हाई त्यो."