होडीच्या गणितानं स्थळ मोडायला गेली

नातीचं स्थळ मोडायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात रिकामी मीच होती.

पूनमची तलाठ्याची परीक्षा महिन्यावर, अन् माझ्या लेकानं शिंदखेड्याचे पाहुणे बोलावले! पोरगी रडकुंडीला आली. "आजी, लग्न ठरलं की माझं पुस्तक बंद. काहीतरी कर ना!"

मी शिकली दुसरीपर्यंत. पुढं बापानं म्हशीमागं धाडलं. (म्हशीची काही तक्रार नव्हती.) नवरा लवकर गेला, कपाशी वेचून चार पोरं वाढवली. एका पोराला पळवून लावणं काय मोठं! पूनम मोठ्यानं घोकायची, मी शेजारी तूर निवडायची. तिची उत्तरं मला पाठ! तेच प्रश्न टाकून पोराला नापास करायचं ठरवलं.

पाहुणे आले. पोरगा खाली मान घालून पोहे खात होता.

"का रे भाऊ, देशादेशांना कर्ज देते ती मोठी बँक पैसा आणते कुठून?"

"छापत असतील!" त्याचा बाप म्हणे.

"नाही आबा. सभासद देश भांडवल टाकतात. बाकीचा पैसा रोखे विकून उभा करतात."

बरोबर! (आमच्या बचत गटासारखंच. फक्त तिथं जास्त टाकणाऱ्याचा आवाज मोठा. आमच्यात न टाकणारीचा.)

हा तर पास झाला! मग मी होडी काढली!

"होडीचा वेग ताशी दहा किलोमीटर, पाण्याचा दोन. धारेसोबत चोवीस किलोमीटर जायला किती तास?"

"दोन."

"चूक! तीन!"

"आजी, दहा न् दोन बारा. बारा दुणे चोवीस."

"तीन म्हणजे तीन! पुस्तकात शे! ज्याला होडी येत नाही त्याला आमची पोरगी नाही!"

लेकानं डोळे वटारले. आबांनी बशी ठेवली, उठून चपला शोधायला लागले. मोडलंच की स्थळ!

तेवढ्यात आतून गर्जना. "आजी! तीन तास उलट्या धारेनं! त्यांचं बरोबर शे!" चुकीचं उत्तर ऐकून पूनमला राहवलंच नाही. चहाचा ट्रे घेऊन तरातरा बाहेर!

आबा परत बसले. "पोरगी हुशार शे! पसंत शे! तारीख बोला!"

पूनम पांढरीफटक.

पोरगाच म्हणे, "आबा, थांबा. मीपण त्याच परीक्षेला बसतोय. आधी दोघांची परीक्षा, मग तारीख."

पाहुणे गेले तशी पूनम माझ्यावर धावली. "आजी, तू होडी पाहिली तरी का कधी?"

"कुठून पाहू? उन्हाळ्यात आपली गिरणा नदी मी चपला घालून पार करते!"

"मग तीन तासांवर एवढी अडलीस कशाला?"

"मला काय माहीत बाई! जाताना काय न् येताना काय, होडी तर तीच ना!"