हरभरे खाऊन केलेला थ्रेशरचा सौदा

माझ्या रागावर आमचं घर चालतं.

फुलचूरला भाड्याच्या खोलीत जुना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, विकत होतो, आज धानाच्या मळणीला थ्रेशर भाड्याने देतो. या धंद्यातली एकही वस्तू मी आवाज न चढवता विकत घेतलेली नाही. आमच्याकडे सौद्याची रीतच आहे. घेणाऱ्याने भडकायचं, चपला घालायच्या, फाटकापर्यंत जायचं. मग विकणारा हाक मारतो, "या ना भाऊ, चहा तं घ्या." प्रत्येक हाकेला भाव उतरतो.

यंदा ऐन कापणीच्या तोंडावर माझा थ्रेशर मेला. शेतकऱ्यांना शब्द देऊन बसलो होतो. यंत्र मिळालं नाही तर हंगाम हातचा जाणार. आणि जुना थ्रेशर विकायला होता एकाच माणसाकडे, मुर्रीच्या शालिकरामकडे. हा माझा साडभाऊ. (म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. मागे त्याने मला पाण्याचा पंप विकला. त्या पंपाबद्दल मी अजूनही जेवताना बोलतो.)

त्यातच नागपूरला आहारशास्त्र शिकणारी माझी मुलगी पल्लवी सुटीवर आली. माझा आवाज तिने रस्त्यावरूनच ऐकला.

"बाबूजी, ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं. जेवणातून लायसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्लं नीट मिळाली, तर काही माणसांत ते कमी वाढतं. तुम्ही नुसता भात खाता. भातात लायसिन कमी."

"गोंदियात राहून भाताले नावं ठेवून राहिली?"

"नावं नाही ठेवत. सोबत थोडी डाळ वाढवा म्हणते."

यातला 'थोडी' हा शब्द बायकोने ऐकलाच नाही. सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी मुगाची उसळ, चहासोबत शेंगदाणे, आणि रात्री डाळीला तोंडी लावायला भात! राग यायला निघायचा, पण इतक्या हरभऱ्यांतून त्याला वर यायला वाटच मिळायची नाही.

अशा अवस्थेत मी बायको-मुलीला घेऊन मुर्रीला गेलो. शालिकरामने भाव सांगितला. एरवी मी खाटेवरून उडालो असतो. मी म्हणालो, "बरं."

त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. चपला जागेवर होत्या.

"महाग वाटून राहिला का?"

"वाटते थोडा."

"मंग उठत काऊन नाही?"

"बसलो ना बरा."

त्याने घाबरून भाव उतरवला. मी बायकोने खिशात भरून दिलेले शेंगदाणे चावत राहिलो.

"तुमाले कोणी सांगतलं का?" तो हळूच म्हणाला.

"काय?"

"बेअरिंगचं."

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी नुसतं पाहत राहिलो. "बरं बाबा, चाळणीबी फाटली आहे," म्हणत त्याने भाव आणखी पाडला. थेट अर्ध्यावर!

"बाबूजी, हो म्हणा," पल्लवी कुजबुजली. बायकोने कोपर मारलं.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. न बोलता हा माणूस इतका उतरतो? मग पंपाच्या वेळी भर उन्हात मला फाटकापर्यंत येरझारा कायले घालायला लावल्या?

"पंपाच्या वेळी काऊन नाही उतरला?" मी ओरडलो. उठलो. चपला घातल्या. फाटक गाठलं.

शालिकरामच्या चेहऱ्यावर रंग आला. "आता कसं! मले वाटलं, साडभाऊले लकवा मारला का काय." आणि निश्चिंत होऊन त्याने भाव पुन्हा पहिल्या जागी नेऊन ठेवला.

मग मात्र सौदा रंगला. दुपार उलटेपर्यंत मी घसा फोडला, त्याला घामाघूम केलं, आणि थ्रेशर घेतलाच. बेअरिंगचा खर्च माझ्याकडे लागला.

परतताना पल्लवी म्हणाली, "बाबूजी, तुम्ही गप्प होता तेव्हा भाव याच्याहून कमी होता."

"तो त्यानं देल्ला होता, पोरी. हा मी मिळवला."

आणि खरं सांगतो, आयुष्यात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. हरभरे याहून स्वस्त पडले असते, एवढंच.