धाकटीच्या नावानं जाणारा मेसेज

घरात मी थोरली सून, पण सासूनं कमरंची किल्ली धाकट्या जावंला दिली. ती शिकल्याली, मी दुसरीतनं शाळा सोडून मेंढरामागं गेल्याली. आमच्या माण तालुक्यात पावसाचं काय खरं नसतं. लांबनं पाणी मी आणलं, धारा मी काढल्या, शेणघाण मी केली. कणगीच्या खोलीला कुलूप तिचं. भाकरीपुरतं जोंधळं बी तिला मागून घ्याचं. तसंच दीस काढलं. रडून काय पाणी मिळतंय व्हय.

पुढं गावात बायांचं दूध केंद्र निघालं. तितंबी तीच. मी दूध मापायची, ती कॉम्प्युटरम्होरं बसायची. रोज दुपारी बायांच्या मोबाईलवर आपसूक मेसेज जायचा, कुणाचं दूध किती, फॅट किती. बाया म्हणायच्या, "धाकटीचा मेसेज आला." मापून मापून मनगटं माझी गेली, आन मेसेज धाकटीचा.

औंदा ती म्हस इकून सांगलीला लेकाकडं ऱ्हायला गेली. तिच्या नशिबी कृष्णेकाठचं घर, माज्या नशिबी टँकर. पण केंद्र माज्याकडं आलं. नेमापरमाणं तिचं नाव कॉम्प्युटरमधनं काढलं, आन दुसऱ्याच दिशी मेसेज बंद. बाया कुजबुजाय लागल्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "मावशे, मापात काय लपवायचं नसंल तर मेसेज यिऊ दे. न्हाईतर माझं दूध पल्याडच्या डेअरीला."

दहिवडीवनं कॉम्प्युटरवाला बोलावला. त्यानं बटण दाबलं, मेसेज गेला. तो मागारी गेला, आन दुसऱ्या दुपारी मेसेज परत बंद. मग त्याला परत आणला. तो लय वेळ बघत बसला.

"आजी, मी दाबलं की मेसेज माज्या नावानं जातोय. आपसूक जायचं काम मातर अजून धाकट्या आजींच्या नावावर लावल्यालं हाय. ते रोज त्यांचं नाव घिऊन दुधाच्या हिशोबापाशी जातंय. तितं त्याला सांगत्यात, ह्या बाईला आता परवानगी न्हाई. मग तसंच मागारी येतंय."

"म्हंजी ती गेली तरी कारभारीण तीच?"

"व्हय."



त्यानं धाकटीला फोन लावला. ती हसली. "घाला की माझं नाव परत. मला ठावंच हुतं, माज्याबिगर चालायचं न्हाई तितं."

"तिचं नगं," मी म्हणलं. "माझं घाल."

"आवं आजी, उद्या तुमी गेलाव की परत बंद."

"मी कुठं जातीया?"

"म्हंजी... लेकीकडं."

"मला लेक न्हाई."

त्यानं डोकं खाजवलं. "असं करू. त्या कामालाच सवताचं नाव दिऊ. दूध बघायचं आन मेसेज धाडायचा, एवढीच त्याला परवानगी. बाकी कशाला हात न्हाई. काय नाव ठिवू?"

मी सासूचं नाव सांगितलं. तिला मरून लय वरसं झाली. ती आता कुठं जात न्हाई.

दुसऱ्या दुपारी मी कॉम्प्युटरला हातबी लावला न्हाई. बायांचं मोबाईल वाजलं. पल्याडच्या डेअरीची भीती घालणारी सांच्याला किटली घिऊन गुमान रांगंत हुबी.

मग मी धाकटीला फोन केला. म्हणलं, "किल्ली सासूकडं परत गेली बघ."

ती म्हणली, "आन मला का न्हाई आला मेसेज?"

"तुला कशाला यील? तुझी म्हस कुठाय आता?"