नव्यावरची पन्नी

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या रस्त्यावर गुणवंतरावांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यात माणसांसारखी मशीनंही तापतात, म्हणून प्रोसेसरवर पंख्याचा कूलर बसवणं हे त्यांचं उन्हाळी काम. कूलर घरी नेऊन स्वतः बसवणाऱ्या गिऱ्हाइकाला तर ते दटावूनच सांगतात, "आधी तळाची प्लॅस्टिकची पन्नी काढजा, मंग गरमी ओढणारी पेस्ट लावजा. पन्नी राह्यली त गरमी वर जाईन कशी?"

त्या रविवारी त्यांनी घरच्याच कॉम्प्युटरला नवा कूलर बसवला. स्क्रू आवळले, वायर जोडली, पंखा भिरभिरला. चहा उकळेस्तोवर मशीन तापून बंद! गुणवंतराव आधी कूलरवर चिडले, मग उन्हावर. शेवटी कूलर काढून उलटा केला, तर तळाला पन्नी जशीच्या तशी, अन् पेस्ट तिच्यावर!

त्यांनी कपाळावर हात मारला. दुकानात बेधडक पन्नी सोलणारा हात घरात मात्र थबकला होता. घरात ती मुभाच नव्हती. फ्रीज आला, टीव्ही आला, मिक्सर आला, कुणी पन्नीला नख लावलं की बायको, वच्छला, स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, काढू नोका! नवं हाय ना अजून!" तिला जाऊन तीन उन्हाळे झाले, तरी घरातली एकही पन्नी निघाली नव्हती.

गुणवंतरावांनी कूलरची पन्नी सोलली, नवी पेस्ट लावली, मशीन सुरू केलं. मग त्या पन्नीवरची पेस्ट पुसून ते फ्रीजपाशी गेले. हँडलजवळ वच्छलाची पन्नी फाटली होती. तिथे त्यांनी हा तुकडा अंगठ्याने दाबून नीट चिकटवला.