मोहीमरावांचे दातवाले टायर

मोहीमराव पहिल्यांदा भेटले तेव्हा कवळीवाल्याला वाटलं, भूकंप झाला. तो मुलगी बघायला आला होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर बशी, बशीत कप, चेहऱ्यावर शक्य तेवढा सज्जनपणा. एकाएकी कप बशीत खडखडू लागला. जिन्यावरून काहीतरी वर येत होतं. भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं, शेजारचं रडणारं बाळ गप्प झालं, आणि दारात असा एक इसम उभा राहिला की घरातला उजेडच बंद झाला. पायात बर्फाच्या डोंगरावर घालायचे बूट. पँटीला इतके खिसे, की तिला पँट म्हणण्यापेक्षा कपाट म्हणणं जास्त खरं. एका खिशातून दोरी निघाली, दुसऱ्यातून बॅटरी, कुठूनतरी होकायंत्र, कुठूनतरी अर्धवट खाल्लेल्या खाऱ्या दाण्यांची पुडी. हे सगळं टीपॉयवर मांडून झाल्यावर शेवटी रुमाल सापडला आणि त्यात त्याने असं काही नाक शिंकरलं, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी ‘काय झालं हो?’ म्हणून विचारलं.

“खाली स्कूटर उभी आहे, ती तुमची?”

“हो.”

“पुढचा टायर मेलाय तुमचा. मी बोट फिरवून बघितलं.”

आणि ते काळं बोट ज्या हाताला होतं, तोच हात त्याने पुढे केला. कवळीवाल्याने तो हातात घेतला. मुलगी आवडली होती, इलाज नव्हता.

तेव्हापासून हा इसम त्याचा थोरला साडू झाला. आणि तेव्हापासून कवळीवाल्याच्या खिशात साबणाची छोटी वडी असते.

कवळीवाल्याला किळस लवकर येते, हे त्याच्या धंद्यामुळे. दात काढून डॉक्टर मोकळे होतात. मागे उरलेल्या बोळक्याचा साचा याच्या टेबलावर येतो. दिवसभर मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या आणि लोकांची तोंडं. दुसऱ्याचं तोंड सतत हातात असलं की माणूस एकतर विरक्त होतो, नाहीतर हात धुवायला लागतो. हा हात धुवायला लागला.

आणि मोहीमराव? त्यांचं आयुष्य पडद्यांच्या कापडाच्या दुकानात गेलेलं. “ताई, या फिकट जांभळ्याला झालर घ्या, खोली नुसती हसेल,” असं मधाळ बोलणारा गळा संध्याकाळ झाली की दऱ्या, वाळवंटं आणि पूर आलेल्या नद्यांबद्दल बोलू लागे. प्रत्यक्षात ते उघड्यावर एकदाच झोपले होते, किल्ली आत राहिली म्हणून. पण भाजी आणायला निघाले तरी “मोहिमेवर निघालोय” म्हणायचे, म्हणून सासूबाईंनी त्यांना मोहीमराव केलं. त्यांना तो किताब वाटला.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. दोरी कशाला? “वेळ आली तर?” होकायंत्र कशाला? “वेळ आली तर?” खिशात दात कोरायची काडी असायची. तिने ते गाडीच्या टायरच्या खाचांत अडकलेले खडे एकेक करून उकरून काढत, प्रेमाने, एखाद्या आईने पोराच्या कानातला मळ काढावा तसे. मग दाणे खात. मग त्याच काडीने दात कोरत. कवळीवाल्याने हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी तो जेवला नाही.

“साडूभाऊ, काडी तरी बदला!”

“कवळीराव, माती ती. मातीने कुणी मरत नाही.”

“रस्त्यावर मातीच असते असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

यावर मोहीमराव मोठ्याने हसले आणि त्याच हाताने त्याच्या पाठीवर थाप मारली. तो शर्ट कवळीवाल्याने दोनदा धुवायला टाकला.

आता गाडीचं. एसयूव्ही सासूबाईंची होती. सासूबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका. उभं आयुष्य गळ्यात शिट्टी घालून मुलींना पळवलं, आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी सूड घेतला. सपाटीवर चालणं जमायचं. चढणं-उतरणं म्हटलं की डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला. गावाच्या दुसऱ्या टोकाला बंदिस्त तलाव होता. तिथे छातीभर पाण्यात उतरल्या की सासूबाईंची गुडघ्यांशी ओळखच नसल्यासारखं व्हायचं. कठड्यावर बसलेल्या जावयाला त्या पाण्यातून ओरडून सांगत, “धाकटे, पाठ सरळ! पोक काढून बसलात की पोट पुढे येतं!” आठवड्यातले ते दोन दिवस सोडले तर बाकीचे दिवस त्या नुसत्या वाट बघत.

गाडी घेताना म्हणूनच एकच परीक्षा होती. सासूबाई दरवाजा उघडत, पाठमोऱ्या उभ्या राहत आणि मागे टेकत. बूड आपोआप गादीवर टेकलं तर गाडी पास. छोट्या गाड्यांत त्या विहिरीत पडल्यासारख्या पडल्या, ट्रकएवढ्या गाड्यांना बूड पोचलंच नाही. शेवटी या एसयूव्हीत त्या अशा बसल्या, की जणू गाडी त्यांचंच माप घेऊन शिवली होती. “हीच,” त्या म्हणाल्या. इंजिन कुणी पाहिलंही नाही. कवळीवाल्याला फक्त स्कूटर चालवता यायची, तेव्हा चालवायचं काम मोहीमरावांकडे गेलं. इथेच घोटाळा झाला.

वर्षभराने गाडीचे टायर झिजले. बदलायला हवे होते, यात वाद नव्हता. मोहीमराव साडूला घेऊन टायरच्या दुकानात गेले. दुकानात रबराचा असा उग्र वास की कवळीवाल्याने रुमाल नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. मोहीमरावांनी मात्र दारातच डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला.

“जे होते तसेच बसवा,” कवळीवाला रुमालातून म्हणाला. “रस्त्याचे, साधे.”

“एकदम बरोबर, साहेब,” दुकानदार म्हणाला. “आवाज नाही, पेट्रोल कमी.”

“साधे?” मोहीमरावांनी जणू कुणी शिवी दिली असं पाहिलं. “अहो, ऑल-टेरेन घ्या! रस्ता म्हणू नका, खडी म्हणू नका, चिखल म्हणू नका, सगळीकडे चालतात.”

“एकदम बरोबर, साहेब,” दुकानदार म्हणाला. “पकड असावी.”

“पण आपण चिखलात जातो कधी?”

“वेळ आली तर?”

“हां, वेळ सांगून येते का?” दुकानदार म्हणाला. तुम्ही भिंतीशी बोललात तरी भिंतीची बाजू घेणारा तो माणूस होता.

मग टायरच्या आतल्या धातूच्या चाकाच्या मापाची चर्चा झाली. लहान पोराच्या आवेशात मोहीमराव दुकानभर फिरले. चकचकीत मोठं चाक आणि त्याला पातळ टायर, हे म्हणे दिखाऊ लोकांचं. दगड लागला की चाकच वाकतं. खऱ्या गड्याने चाक एक इंच लहान घ्यावं आणि त्याला जाडजूड उंच टायर लावावा, म्हणजे दगडाचा मार रबर खातं. हे बोलणं चुकीचं नव्हतं. फक्त त्या गावात दगड नव्हता. मोहीमरावांनी मूळच्या मापाहून बराच मोठा टायर निवडला आणि त्याच्या दातांवरून हात फिरवला. कवळीवाल्याने ते दात पाहिले. दाढांसारखे जाड, मधे फटी, फटींत घाण अडकायला भरपूर जागा.

टायर बसवून गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर कर्र कर्र असा आवाज आला. मोठा टायर चाकावरच्या पत्र्याला घासत होता. म्हणून मोहीमराव पुन्हा दुकानात गेले आणि स्प्रिंगांवर ठोकळे घालून सगळी गाडीच वर उचलून आणली. घासणं थांबलं. गाडी चार बोटं उंच झाली. आणि गादीही अर्थातच चार बोटं उंच झाली.

तलावाच्या दिवशी सासूबाई नेहमीप्रमाणे पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, मागे टेकल्या, आणि तशाच घसरून पुन्हा उभ्या राहिल्या.

“गाडी वाढली की मी आखडले?” त्यांनी विचारलं.

“आई, ग्राउंड क्लिअरन्स!” मोहीमराव अभिमानाने म्हणाले.

“तो कुठे बसणार आहे? मी कुठे बसू?”

“बाजूने पायदान लावून घ्या,” कवळीवाला दात आवळून म्हणाला. “आजच्या आज.”

“पायदान? खाली लोंबणार ते! दगडावर आपटेल.”

“कुठल्या दगडावर? दाखवा मला एक दगड! मी तो घरी नेऊन पुजतो!”

पायदान आलं नाही. त्याऐवजी प्लास्टिकचं स्टूल आलं. मग आठवड्यातून दोनदा तमाशा सुरू झाला. मोहीमराव स्टूल धरत, कवळीवाला मागून आधार देत असे, आणि सासूबाई दरवाज्याच्या कडीला लटकत दात-ओठ खात चढत. गॅलऱ्यांतून लोक बघत. एकाने “जोर लगाके” असं म्हटलंसुद्धा. जिने हजार मुलींना उंच उडी शिकवली, तिला कपाट चढवावं तसं चढवलं जात होतं. वर पोचल्यावर त्या कुणाकडे बघत नसत. कवळीवाल्याला ते बघवत नसे. एकदा घरी आल्यावर बायकोने विचारलं, “आई बरी आहे ना?” तर त्याने नुसते हात धुतले, बराच वेळ.

आत बसलं की नवीनच संकट. त्या दातांचा डांबरावर असा घूं घूं आवाज येई की बोलणं ऐकू येईना.

“कोण घोरतंय?” सासूबाई ओरडत.

“टायर आहेत, आई!”

“त्यांना उठवा!”

तरी त्या जात राहिल्या, कारण पलीकडे पाणी होतं.

आणि मग खरोखरच वेळ आली. तलावाच्या रस्त्यावर नळाचं काम निघालं. तलावाच्या फाटकाच्या अलीकडचा तुकडा खणून ठेवलेला, वर नळ फुटून पाणी भरलेलं. चांगला लालभडक, रसरशीत चिखल. बाजूने पायी जाणाऱ्यांसाठी लोखंडी पत्रे टाकले होते. मोहीमरावांनी चिखलाच्या काठावर गाडी थांबवली. कवळीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे थोड्या आदराने पाहिलं. हाच तो क्षण. दोरी, बॅटरी, होकायंत्र, दात, ठोकळे, स्टूल, सगळं या एका तुकड्यासाठी.

मोहीमराव खाली उतरले. चिखलाकडे पाहिलं. टायरकडे पाहिलं. परत आले.

“कालच पॉलिश केलंय,” ते म्हणाले.

“काय?”

“टायरला. ही माती चिकट आहे, कवळीराव. खाचांत सुकली की निघत नाही. आज राहू दे. पुढच्या आठवड्यात जाऊ, सुकेल तोवर.”

कवळीवाल्याने खिशातली साबणाची वडी घट्ट धरली.

“मला उतरवा,” मागून सासूबाई म्हणाल्या. “मी पत्र्यावरून चालत जाते.”

कवळीवाला स्टूल काढायला मागे गेला. मागे स्टूल नव्हतं. ते घराच्या फाटकाशी, सासूबाईंना चढवून झाल्यावर, तिथेच राहिलं होतं.

म्हणजे झालं असं, की जगात कुठेही जाऊ शकणाऱ्या गाडीत सासूबाई बसल्या होत्या. समोर हाकेच्या अंतरावर त्यांचं पाणी होतं. गाडी पुढे जाणार नव्हती आणि त्या खाली उतरू शकत नव्हत्या.

“घरी जाऊन स्टूल घेऊन येऊ या का?” मोहीमरावांनी विचारलं.

सासूबाईंनी पर्स उघडली. आत चष्मा होता, गोळ्या होत्या, आणि शिट्टी होती. त्यांनी ती तोंडात धरली आणि शाळेचं मैदान हादरवणारी जी शिट्टी असते ती वाजवली. खड्ड्यातले कामगार एकदम सरळ उभे राहिले.

“ते चौकोनी दगड आहेत ना, फुटपाथचे?” त्या खिडकीतून ओरडल्या. “दोन इकडे आणा! एकावर एक! पटपट!”

दोघांनी पळत दगड आणले. दरवाज्याखाली पायरी झाली. सासूबाई एका हाताने कवळीवाल्याचा खांदा धरून उतरल्या, साडी झटकली, आणि खाली वाकून त्या दगडांकडे बोट दाखवलं.

“घ्या, थोरले. तुमचा दगड.”

मग धाकट्या जावयाच्या दंडाला धरून त्या पत्र्यावरून सावकाश तलावाकडे गेल्या. त्या दिवशी पाण्यात त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिल्या आणि जावयाच्या पोकाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर कवळीवाल्याने पाहिलं तर मोहीमराव गाडीशेजारी उकिडवे बसून काडीने टायर कोरत होते. एक खडा अडकला होता म्हणे. पाठीमागून ते एवढे एकटे आणि एवढे सुखी दिसत होते, की त्याला क्षणभर त्यांची कीव आली. मग त्यांनी ती काडी तोंडात घातली आणि कीव गेली.

“या, सोडतो घरी,” मोहीमराव म्हणाले.

“दगड गाडीत घ्याल का बरोबर? वेळ आली तर?” सासूबाईंनी विचारलं.

मोहीमरावांनी दगडांकडे पाहिलं. “गालिचा खराब होईल, आई.”

सासूबाई बसथांब्याकडे वळल्या. बस आली, चढणाऱ्यांसाठी हवा सोडून दारापाशी खाली झुकली, आणि त्या एका पावलात आत गेल्या. त्यानंतर त्या बसनेच जाऊ लागल्या.

गाडी पुढच्या वर्षी विकली. घेणाऱ्याने टायर काढून साधे बसवून घेतले.