हरणाचं वावर

दगडूआप्पा स्वतःच्या शेतात शिरण्याआधी बांधावर उभे राहून खाकरायचे. एकदा नाही, दोनदा. सासरा घरात शिरताना खाकरतो, आतल्या सुनांना पदर सावरायला सवड मिळावी म्हणून, अगदी तसं. मी त्या गावच्या शाळेत नुकताच हजर झालो होतो. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसूच आलं, कारण शेतात कुणीच दिसत नव्हतं. मग मटकीच्या वेलांतून एकेक करत दहा-पंधरा माना वर झाल्या. त्यांत एक काळ्या पाठीचा, पिळाच्या शिंगांचा नर. आप्पांकडे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि पुन्हा माना खाली घातल्या.

"लेकुरवाळ्या असत्यात आत," आप्पा मला म्हणाले. "एकदम घुसलं की दचकत्यात. त्यातली येखादी गाभन असली तर?"

गाव नगरकडच्या कर्जतच्या अंगाला, माळाला टेकलेलं. आप्पांची जमीन सगळी मिळून चार एकर. त्यातला माळाकडचा तुकडा त्यांच्या वडिलांनी हरणांना दिलेला. दिलेला म्हणजे पड टाकलेला नव्हे. दर पावसाळ्यात तिथं मटकी आणि हुलगा पेरायचा, आणि काढायचा मात्र नाही. त्या भागात शेताला वावर म्हणतात, म्हणून त्या तुकड्याचं नाव हरणाचं वावर. पत्ता सांगतानासुद्धा लोक म्हणत, हरणाच्या वावराकडनं डावीकडं वळा.

मी एकदा विचारलं, "आप्पा, एवढी मेहनत करून त्यांच्याच तोंडात घालायची?"

"गुर्जी, पाव्हन्याला वसरीवर जेवाया वाढलं तर त्यो चुलीपत्तुर कशाला यील?" ते म्हणाले. मग स्वतःशीच हसून पुढे म्हणाले, "आन् खरं सांगू का, पाव्हनं आपुनच हाय. माळ त्यांचा हुता."

पण सगळ्या माळाचं पोट त्या एका तुकड्यावर भरत नव्हतं, हेही खरं. बाकीच्यांची तूर उगवून चार पानांवर आली की सकाळी शेंडे खुडलेले. पंचनाम्याला माणूस यायचा तोवर शेत दुसऱ्यांदा खाल्लेलं असायचं. हरणाला दगड मारला तरी गुन्हा, ही धास्ती वेगळीच. त्यात अफवा उठली की हरणांच्या नावाखाली काठाच्या जमिनीही सरकार घेणार, विहीर खोदायलाही परवानगी लागणार. मग लोक आप्पांकडेच वाकड्या नजरेनं पाहू लागले. "तुमच्या वावरापायी आमची वावरं जायाची," असं एकानं पारावर त्यांच्या तोंडावर सांगितलं. आप्पांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि उठून गेले.

निवडणूक तोंडावर आली तसं माळाच्या काठानं जाळीचं कुंपण मंजूर झालं. भाषणं झाली, नारळ फुटला. त्या संध्याकाळी आप्पा माझ्या खोलीवर आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणाले, "गुर्जी, येक अर्ज लिव्हा. कुंपनाला माझी ना न्हाई. लोकांचं बी पोट हाय. फकस्त त्ये हरनाचं वावर हाय, वाडवडलांपासनं. तेवढं त्यांच्या अंगाला ऱ्हाऊ द्या, म्हनावं. जाळी माझ्या आतल्या बांधावनं न्या."

आता माझी गोष्ट सांगायला हवी. व्याकरण चुकलेलं वाक्य ऐकलं की मला घासात खडा आल्यासारखं होतं. साऱ्या तालुक्यात माझ्या अर्जांची तारीफ व्हायची आणि ती मला आवडायची. 'हरणाचं वावर' असं गावठी नाव कचेरीच्या कागदावर लिहायला माझा हात धजेना. मी लिहिलं, 'सदर गटात पूर्वापार हरणांचा वावर आहे. तरी कुंपणाचे काम करताना याचा प्राधान्याने विचार व्हावा, ही विनंती.' आतल्या बांधाचं एवढ्यात आलंच, असं मला वाटलं. लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. आप्पांनी 'हरणं' ऐकलं, 'वावर' ऐकलं, समाधानानं मान डोलावली आणि अंगठा उठवला.

अर्जाचा विचार खरोखरच प्राधान्यानं झाला. हरणांची ये-जा जिथं जास्त, तिथून काम सुरू करायचं असं ठरलं. पहिले खांब आप्पांच्याच शेताला लागले, तेही माळाकडच्या बांधावर. वावर आत आलं आणि हरणं बाहेर राहिली. आप्पा आडवे गेले तेव्हा कामावरच्या मुकादमानं त्यांना त्यांच्याच अर्जाची नक्कल दाखवली.

ते तसेच शाळेत आले. पोरं बाहेर खेळत होती. "गुर्जी, पुन्यांदा वाचा," म्हणाले. मी वाचलं. 'हरणांचा वावर'पाशी येताच अडखळलो.

"मी वावर म्हनलो हुतो," आप्पा म्हणाले.

"वावरच लिहिलंय, आप्पा."

"व्हय. पर माझं वावर जमीन हुतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. "तुमचं मराठी चांगलं हाय, गुर्जी. आमचंच गावठी." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी दुसरा अर्ज केला, तिसरा केला, कर्जतला आणि नगरला खेटे घातले. काम पूर्ण झाले आहे, एवढंच उत्तर आलं. उन्हाळ्यात तो काळा नर जाळीत शिंगं अडकून मेला. वनखात्याच्या माणसांनी त्याला माळावरच जाळलं. आप्पांनी दहा दिवस सुतक पाळलं, देवळाची पायरी चढले नाहीत. नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात कामाला असलेला त्यांचा मुलगा रजा घेऊन आला होता, तो म्हणाला, "लोकं हसत्यात, आप्पा." आप्पा म्हणाले, "हसू दे. घरचं गेल्यालं कळाया घर लागतं."

पावसाळ्यात त्यांनी नेहमीसारखी मटकी पेरली. मुलानं काढायचं म्हटलं तर नको म्हणाले. शेंगा उभ्या उभ्या वाळल्या, तडकल्या, दाणे मातीत पडले. दिवाळीनंतर थोड्याशा तापाचं निमित्त झालं आणि आप्पा गेले. अंत्ययात्रेला सगळा गाव होता, पारावर बोललेला तो माणूसही. तो रडत होता. मला रडूही येत नव्हतं.

परवा, बदली झाल्यावर निघण्याआधी, मी त्या बांधावर गेलो. जाळी उभी होती, तिच्या पलीकडे माळ. यंदाच्या पावसावर न पेरताही मटकीचे चार वेल उगवून आले होते. आत कुणी असणं शक्य नव्हतं. तरी तसंच पाऊल टाकणं मला जमेना. मी दोनदा खाकरलो.

दूर माळावर माना वर झाल्या. मग सगळा कळप हळूहळू चालत आला, जाळीपाशी थांबला आणि माझ्याकडे पाहत राहिला. त्यांना वाटलं, आप्पा आले. मला पुन्हा खाकरायचं धाडस झालं नाही.