रागवायचं राहूनच गेलं!

माझ्या खोलीत टेबलावर टिश्यू पेपरचा बॉक्स असतो. समुपदेशकाकडे माणसं रडतात, म्हणून ठेवलेला. पण खरं सांगू? निम्मे टिश्यू हसून हसून डोळ्यांत पाणी आल्यामुळे संपतात! सोलापुरात इतकी वर्षं मुलं आणि त्यांचे आईबाप भेटतायत, किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. नावं सांगणार नाही. किस्से मात्र ज्यांचे त्यांना विचारूनच सांगतेय.

*

दुधनीहून एक वडील पहिलीतल्या मुलीला घेऊन आले. घरी कन्नड, शाळा मराठी. शाळेत पोरगी तोंडच उघडत नव्हती. "मॅडम, पोरगी मुकी हाय का म्हनून शाळेत विचारत्यात," वडील म्हणाले.

मी खेळणी मांडली, चित्रं काढली. उपयोग शून्य. शेवटी कापडी हत्ती उचलला आणि माझं मोडकं कन्नड बाहेर काढलं. "एण्णे!"

पोरीनं डोळे मोठे केले आणि खदखदून हसली. "एण्णे अल्ल! आने!"

आने म्हणजे हत्ती. एण्णे म्हणजे तेल! त्या दिवसापासून ती माझी मास्तरीण झाली. मी चुकायचं, तिनं सुधारायचं. हळूहळू ती मला मराठीतूनही रागवायला लागली.

काही महिन्यांनी वडील आले. "शाळेतनं तक्रार आलीय."

मी घाईनं विचारलं, "काय हो?"

"वर्गात लई बोलती म्हनं!"

तक्रार सांगायला येताना गडी पेढे घेऊन आला होता.

*

आमच्या शेजारी दातांचा दवाखाना आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण घरी "दाताला चाललोय" सांगून येतात. काउन्सेलिंग म्हटलं की लोक काय म्हणतील!

एकदा वेटिंग रूममध्ये दोघी सख्ख्या जावा समोरासमोर आल्या. दोघींची मुलं सोबत.

थोरली म्हणाली, "दाढ."

धाकटी म्हणाली, "आमची पण दाढच."

मग थोरलीचा मुलगा भाबडेपणानं म्हणाला, "काकी, दात पलीकडं बघतात. इथं मॅडम आपलं ऐकून घेतात."

दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आता दोघी एकाच रिक्षानं येतात.

*

एक सहा वर्षांचा मुलगा राग आला की हाताला येईल ते फेकायचा. त्याला शिकवलं, आधी श्वास घेऊन पोटात फुगा करायचा, मग हळूहळू सोडायचा.

पुढच्या वेळी आई आली ती हसतच. "काल यानं दुधाचं पातेलं सांडलं. मी ओरडणार, तेवढ्यात हा म्हणतो, 'मम्मी, आधी फुगा कर, मग रागाव!'"

"मग?"

"मग काय, केला फुगा. रागवायचं राहूनच गेलं!"

*

टेम्पो चालवणारे एक अब्बा. अकरावीतला मुलगा त्यांच्याशी बोलणं टाळायचा. मी सांगितलं, "रोज थोडा वेळ त्याचं फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही."

आठवड्यानं आले. "मैं पूरा सुन्या मॅडम, एक लफ्ज नै बोल्या. जीभ चावून चावून तोंड आलं!"

मुलगा शेजारून म्हणाला, "पण अब्बांच्या भुवया लई बोलत होत्या!"

दुसऱ्या दिवशी अब्बा भुवया झाकायला घरात काळा गॉगल लावून ऐकायला बसले. पोरानं त्या दिवशी सांगून टाकलं, सायन्स झेपत नाहीये, कॉमर्सला जायचंय.

अब्बांनी गॉगल काढला. "बस्स, इतनाच?"

*

आणि हे नातेपुत्याचे एक शेतकरी. मुलगा बारावीत नापास झाला, तेव्हा यांनी पाहुण्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. तेव्हापासून पोरानं बोलणं टाकलं, जेवणही खोलीतच. अपॉइंटमेंट पोराची, आले एकटेच.

"त्यो येत न्हाई म्हनतोय. मीच बसतो की!"

बसले. खूप बोलले, मध्येच उपरण्यानं डोळे पुसले. निघताना मी म्हटलं, "त्याच्या खोलीत जाताना दार वाजवून जा."

"माझ्याच घरात?"

"तुमच्याच घरात."

पुढच्या खेपेला सांगू लागले, "वाजवलं. म्हनलं, येऊ का? तर आतनं इचारतंय, 'आप्पा, बरं न्हाई का तुमाला?'"

पण बोललं ना! मग एकदा त्यांनी त्याच पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं." पोरगा उठून आत गेला. थोड्या वेळानं आपलं ताट घेऊन बाहेर आला आणि आप्पांच्या शेजारी बसला.

आप्पा एसटीनं येत राहिले. एका गुरुवारी मात्र त्यांच्या जागी एक उंच, सडपातळ पोरगा आला.

"आप्पा उसाला पानी देत्यात. मी त्यांचा मुलगा."

"ये, बस. काही बोलायचंय?"

"मला न्हाई. एक इचारायचं हुतं." तो जरा घुटमळला. "आप्पांचं हितं येनं एवढ्यात बंद करू नका. आनि... आईला बी धाडू का?"